फळीवरची अक्का

अक्काला शेवटचं बघितलं ते साताऱ्याच्या दवाखान्यात. खाटेच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला दादा आणि मधे ती, नाकाला नळी लावलेली. दादा म्हणजे माझे थोरले दीर, अक्का त्यांची बायको, माझी जाऊ. लग्न होऊन रहिमतपूरजवळच्या या घरात आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, थोरल्या दिरासमोर पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. पुढं सासूबाई गेल्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण आमचं न बोलणं तसंच राहिलं. भांडण नव्हे हो... सवय. मी चार पावलांवर उभी असले तरी दादा अक्कालाच म्हणायचे, "तिला विचार, खुरपी कुठं ठेवली." मी अक्काला सांगायची, अक्का त्यांना. माझा मुलगा अक्काला म्हणायचा, काकू, तू या घरातला टॉवर आहेस, तू बंद पडलीस की रेंज गेली. अक्का पोट धरून हसायची.

दवाखान्यात धाप लागत होती, तरी तिचं सगळं ध्यान गव्हाच्या पट्टीत. आमचा ऊस खाली कालव्याच्या पाण्यावर आहे, तिथं ट्रॅक्टर फिरतो. वरची पट्टी मात्र जिरायत, काळी आणि इतकी चिंचोळी, की ट्रॅक्टर वळायचा तर बांधच फोडावा लागेल. तिथं अजून बैल आणि जुनी अवजारंच चालतात. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या, म्हणजे फेऱ्या, घालून मुरवलेल्या ओलीवर घरच्या खाण्यापुरता गहू येतो. पाऊस उघडला, की शेवटची पाळी घालून लगेच फळी मारायची, म्हणजे लाकडाची जड फळी बैलांनी रानावरून ओढायची. ढेकळं फुटतात, माती दबते, आत ओल टिकते. उशीर झाला तर ओल उडून जाते आणि मग पेरलेलं वर येत नाही. यंदा शेवटची पाळी घालून झाली आणि अक्का दवाखान्यात गेली. फळी राहिली होती.

या फळीवर वजन लागतं. एरवी गडी स्वतःच उभा राहतो, पण आमचे दादा काटकुळे, ते चढले की फळी नुसत्या उड्या मारायची. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात सासऱ्यांनी अक्काला फळीवर बसवली. ती माधवनगरची, गिरणी कामगाराची लेक, भोंग्यावर उठणारी आणि अंगानं चांगली भरलेली. पहिल्याच वळणाला ती मागच्या मागं उलथी पडली म्हणे, आणि ढेकळांत पडल्या पडल्या अशी हसली की बैल थांबले. मग उठली, पदर खोचला आणि पुन्हा बसली. ती पुढं वर्षानुवर्षं तिथंच बसली. दादा बाजूनं कासरा धरून चालायचे, मी कडंची ढेकळं कुदळीनं फोडायची. अक्काला बसल्या जागी खालचं रान कळायचं. मधेच म्हणायची, "आवं, ढेकूळ हाय." दादा म्हणायचे, एवढं चालतंय. "तुमास्नी चालतंय, गव्हाला न्हाई चालत," असं ती म्हणाली की दादा मुकाट्यानं बैल फिरवायचे. घरात दादांचा शब्द खाली पडायचा नाही, पण पट्टीत अक्काचाच हुकूम चालायचा. जाडी म्हणून कोणी चिडवलं तर म्हणायची, मी भरल्याली हाय म्हणून तुमची कणगी भरतीया.

माझा नवरा फौजेत. पुढं पेन्शनीत आल्यावरही साताऱ्यात कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली, आठवड्याला घरी. तो सरहद्दीवर असताना कधी कधी फोन यायचाच नाही. मी भाकरी थापता थापता रडायला लागले, की अक्का परातीसकट मला बाजूला सारायची आणि राहिलेल्या भाकरी स्वतः थापायची. समजूत वगैरे काढायची नाही. पहिली गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, माझ्या हातात. फळीवर बस म्हणून माझ्याही मागं लागायची, रानातला झोपाळा आहे म्हणायची. मी कधी बसले नाही. पडायची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर दादांच्या इतक्या जवळ बसायचा संकोच जास्त.

तर त्या दिवशी दवाखान्यात तिनं आधी दादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पट्टीला फळी मारा. बसायला सुमीला घ्या." सुमी म्हणजे मी. दादा खिडकीबाहेर बघायला लागले. मी तिचे पाय चेपत राहिले. आमच्याकडून उत्तर यायचं तर तिच्याच मार्फत यायला हवं होतं ना... दुसऱ्या दिवशी अक्का गेली.

सुतक फिटेपर्यंत रानात कोणी गेलं नाही; मधे एक सर पडून गेली, तेवढीच ओल टिकली. माझा नवरा रजा संपवून साताऱ्याला परतला, मुलगाही कामावर परत गेला, आणि घरात एवढी शांतता झाली की ताटात मीठ कमी पडलं तर दादा तसंच जेवून उठायचे. एका सकाळी त्यांनी बैल सोडले. मी न्याहारी घेऊन पट्टीवर गेले तर फळीवर दोन धोंडे ठेवलेले. वळणाला धोंडे घसरायचे, दादा पुन्हा उचलून ठेवायचे. मला बघवलं नाही. भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं, धोंडे ढकलून दिले आणि बसले. दादांनी कासरा हलवला.

दोन फेऱ्या गेल्या. तिसरीला, बांधाजवळ, फळी खालून टणकन उडाली. मी फळीची कड घट्ट धरली. परत उडाली. अक्का असती तर... शेवटी डोळे मिटून म्हटलं, "दादा, ढेकूळ हाय."

बैल थांबले. दादा पाठमोरेच उभे राहिले. मग विचारलं, "कुठं?"

"मागं. बांधाकडं."

त्यांनी बैल फिरवले. माझे डोळे असे वाहत होते की पुढचं रान मला दिसलंच नाही.

पेरणी उरकली, आता फळी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. मधला भाग अक्काच्या लुगड्यानं घासून घासून गुळगुळीत झालाय. येता-जाता माझा हात तिथं जातोच. परवा मी अंगणात बसले होते, दादा रानातून आले. फळीजवळ थांबले, घसा खाकरला आणि सवयीनं म्हणाले, "तिला म्हणावं, गहू..." आणि थांबले. मग माझ्याकडं वळले.

"गहू उगवला."

"समदीकडं?"

"व्हय," दादा म्हणाले, "बांधाकडंबी."