अकराव्या धड्यापलीकडे

चुलीवर ओटमील रटरटायला लागलं की कॉलीन वीडरहोल्ट लाकडी डावाने पातेल्याच्या काठावर ठेका धरायची, आणि तिची तिन्ही मुलं त्या ठेक्यावर लॅटिन नामांची रूपं म्हणायला लागायची. आठ वर्षांच्या टेसचा आवाज सगळ्यांत वर. अकरा वर्षांचा क्लेमेंट तोंडात घास असला तरी ताल सोडत नसे. चौदा वर्षांची बर्नाडेट मात्र अलीकडे खिडकीबाहेर गव्हाकडे बघत नुसते ओठ हलवायची.

कॉलीनने ठरवलं की ते होतं, असं अमेरिकेतल्या मॅरिएनबर्ग या छोट्या गावात सगळे म्हणत. गोठ्यात वाढलेली, नर्सिंगची दोन वर्षं करून ड्युएनशी लग्न केलेली ही बाई. बर्नाडेट पहिलीत असताना शाळेतल्या बाईंनी तिला कोपऱ्यात बसवलं, कारण काय तर वर्गाच्या पुढचं वाचते. कॉलीनने दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर घरी आणलं ते आणलंच. पुढची दोन्ही मुलं शाळेत गेलीच नाहीत. गावाने नावं ठेवून पाहिली. सासूबाई तर जेवणाच्या टेबलावरच म्हणाल्या होत्या, "लॅटिन? का गं, आपल्या गायी लॅटिनमध्ये हंबरतात की काय?"

"नाही आई," कॉलीन बटाटे वाढत म्हणाली होती, "पण इंग्लिशमध्येही हंबरत नाहीत. तरी ते शिकवतोच ना आपण?"

कपबशांच्या कपाटाच्या दाराला आतून एक जाड कागद चिकटवलेला होता. आठवी संपेपर्यंत व्याकरण पुरं. दहावीपर्यंत सोपे उतारे. बारावीला रोमन कवी. अक्षर टपोरं, खाली दुहेरी रेघ. सकाळी कप काढताना कॉलीनची नजर त्यावरून फिरायची, आणि पुढचा सगळा दिवस तिला ताठ कण्याने चालता यायचं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बर्नाडेटने जेवणाच्या टेबलावर पाच पुस्तकं ओळीने मांडली. पाचही लॅटिनची, पाचही 'पहिलं पुस्तक'.

"आई, जरा इकडे ये."

प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा होत्या. एकात दहाव्या धड्यापर्यंत, दोनांत बाराव्यापर्यंत, बाकीच्यांत अकराव्यापर्यंत. पुढची पानं कोरी करकरीत.

"पाच वर्षं झाली," बर्नाडेट म्हणाली. "या पहिल्या धड्यातली मुलगी शेतात जाते. पाच वेळा मी तिला शेतात जाताना पाहिलंय. एकदाही परत आलेली नाही. तिच्या घरचे काळजीत असतील."

कॉलीनला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. दर मार्चमध्ये ती इतर आयांबरोबर तीन तास गाडीने घरी शिकवणाऱ्यांच्या संमेलनाला जायची. वर्षभरातली तिची एवढी एकच सुटी. तिथे पुस्तकांचे स्टॉल, भाषणं, कॉफी. आणि परतताना मांडीवर एक नवं पुस्तक, आधीच्यापेक्षा सोपं, रंगीत, नक्की जमेल असं. मग सप्टेंबरात पहिले पाढे पंचावन्न.

"यंदा एक फार चांगलं आलंय म्हणतात..." ती बोलून गेली, आणि मुलीचा चेहरा पाहून तिने समोरचं पुस्तक मिटलं.

घरातला नियम जुना होता. आठवी झाली की पुढचं ज्याचं त्याने ठरवायचं. बर्नाडेटने ठरवलं होतं. सप्टेंबरपासून गावातल्या हायस्कूलमध्ये जायचं. तिथे व्हॉलीबॉल होता, स्पॅनिश होतं. हे कॉलीनने गिळलं. पण लॅटिन कायमचं सोडायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"मे अखेरपर्यंत मला वेळ दे," ती म्हणाली. "यातलं एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेऊ. नाही जमलं, तर तू मोकळी. मी पुन्हा नाव काढणार नाही."

बर्नाडेटने त्यातल्या त्यात फाटकं पुस्तक उचललं. चोवीस धडे. "आणि संमेलनाला जायचं नाही."

कॉलीनला हे लागलं. पण तिने हात पुढे केला आणि दोघींनी गुरांच्या बाजारात करतात तसा हात हलवून सौदा पक्का केला.

अकरा आणि बारा हे धडे पंधरवड्यात झाले. तेराव्याशी गाडं रुतलं. एक आठवडा, दोन, तीन. "आपण जरा मागची उजळणी करू," कॉलीन म्हणायची, आणि डावाचा ठेका पुन्हा पातेल्यावर पडायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्चचे दिवस सरत होते.

गुरुवारी चर्चच्या तळघरात घरी शिकवणारी आठ-दहा कुटुंबं जमत. सकाळी मुलांचे एकत्र वर्ग, दुपारी चिली, म्हणजे राजमा-मांसाचा तिखट रस्सा, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड सिनॅमन रोल. मिस केसलर तिथे रोलसाठीच येतात असं त्या स्वतःच सांगत. एक्याऐंशी वर्षांच्या, जिल्ह्याच्या हायस्कूलमध्ये तीस वर्षं लॅटिन शिकवलेल्या. तो विषयच बंद झाला तेव्हा निवृत्त झालेल्या. मुलांच्या वह्या त्या न विचारता ओढून घेत आणि लाल पेन्सिलीने फुली मारत.

"बर्नाडेट तेराव्या धड्यावर अडकलीय," कॉलीनने त्यांच्यासमोर ताटली ठेवत सांगितलं. "काही उपाय सांगा."

"बोलव तिला."

बर्नाडेटने उभ्या उभ्या दहापैकी सहा वाक्यं बरोबर लावली. मिस केसलरनी बोटाला लागलेली साखर चाटली आणि वही कॉलीनपुढे सरकवली. "आता तू."

"मी? अहो, मी शिकवते."

"म्हणूनच म्हणतेय."

कॉलीनने पेन्सिल घेतली. पहिलं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. प्रत्येक शब्द ओळखीचा होता, पण वाक्य काही केल्या उघडेना. शेजारच्या टेबलावरच्या बायकांचे चमचे वाजायचे थांबले. कॉलीनच्या मानेवर लाली चढली.

"बाई गं," मिस केसलर हळू आवाजात म्हणाल्या, तरी सगळ्यांना ऐकू गेलंच, "मुलगी नाही अडकलेली. अडकलीस तू. दरवर्षी इथेच कुठेतरी अडकतेस. आणि तू जिथे अडकतेस, तिथून अख्खं घर माघारी फिरतं."

खोटं नव्हतं. मुलांच्या पुढे एक धडा राहून तिने पाच वर्षं शिकवलं होतं. तो एक धडा संपला की तिला पुस्तक वाईट वाटायला लागायचं. आणि नव्या पुस्तकासाठी मार्चचं संमेलन तर समोर असायचंच.

"बस," मिस केसलर म्हणाल्या. "अठराव्या वर्षी या मुलीला काय यायला हवं?"

कॉलीनने कपाटातला कागद तोंडपाठ म्हणून दाखवला.

"हे वेळापत्रक झालं. बसस्टॉपवर लावतात. मी विचारतेय, हिला करता काय यायला हवं?"

कॉलीनने ताटली बाजूला सारली. मग वर बघून म्हणाली, "वर चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्यांची जुनी वही आहे. पहिल्या जर्मन पाद्र्यांनी लॅटिनमध्ये लिहिलेली. ड्युएनच्या पणजोबांचं नाव आहे तीत. ती कुणाला न विचारता वाचता यावी."

"ती तर ही नाताळापर्यंत वाचेल. मोठं माग, कॉलीन. मागायला भिऊ नकोस."

"मग... एखादं पत्र," कॉलीन म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या माणसाला लिहिलेलं. मावशीचं पत्र आल्यासारखं हिने ते फोडावं, वाचावं, आणि हसू आलं तर हसावं."

मिस केसलरनी मान डोलावली. "आता कसं! तिथून उलटं मोजत ये. आणि हो, पत्र दोघींनी वाचायचंय. मुलीकडून जे मागतेस, ते स्वतःकडूनही माग."

दुसऱ्या दिवशी कॉलीन टेबलाच्या पलीकडे बसली नाही. तिने खुर्ची बर्नाडेटच्या शेजारी ओढली आणि स्वतःची वही उघडली. बर्नाडेट धडा आधी वाचायची, मग आईला समजावायची. दोघींचं डोकं चालेनासं झालं की गुरुवारपर्यंत एक यादी साठायची, मिस केसलरसाठी. कॉलीनच्या चुका ढीगभर निघत, आणि टेस त्या मोठ्याने मोजत असे.

"आईला सात फुल्या! बर्नीला तीन!"

धान्याच्या उंच कोठारांची यंत्रं दुरुस्त करणारा ड्युएन दुपारी जेवायला यायचा, तो टोपी खुंटीला अडकवता अडकवता विचारायचा, "काय बर्नी, तुझी विद्यार्थिनी काय म्हणते?"

"हुशार आहे. पण बडबड फार."

"ते मला लग्नाआधीच सांगितलं होतं लोकांनी."

तेरावा सुटला. चौदाव्याला आठवडाही लागला नाही. सतराव्यात कॉलीनला एक लांबलचक वाक्य कुणीही न सांगता उलगडलं, आणि ती एप्रन तसाच ठेवून गोठ्याच्या दारापर्यंत चालत जाऊन आली. उगाच. कुणाला सांगायला गेली नव्हती.

मेच्या एकतीस तारखेला विसावा धडा पुरा झाला. चार उरले.

कॉलीनने पुस्तक मिटलं. "शब्द तो शब्द," ती म्हणाली. आवाज स्थिर होता. तो तसा ठेवणं तिला किती जड गेलं ते तिचं तिला माहीत. "नाही जमलं. तू मोकळी. उद्या शाळेत नाव घालून येऊ."

हायस्कूलच्या ऑफिसात बर्नाडेटने अर्ज भरला. भाषेच्या चौकोनात स्पॅनिश. खेळाच्या चौकोनात व्हॉलीबॉल. कॉलीनने सही केली आणि खाली रेघ मारली, दुहेरी. परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत होता. पाच मैल मागे पडले.

"एकविसावा सोमवारी घेऊ," बर्नाडेट म्हणाली.

कॉलीनने गाडीचा वेग कमी केला. "आपला सौदा तसा नव्हता."

"नाही जमलं तर मी सोडू शकते, असा होता. सोडलंच पाहिजे असं कुठे ठरलं होतं?" ती खिडकीची काच खाली करत होती. "आणि मी सोडलं तर तू एकटी पुढे जाशील. तुझ्या फुल्या कोण काढणार?"

"शाळा सुरू झाल्यावर वेळ कुठून काढशील?"

"बसच्या आधी. सकाळी सहाला."

"साडेसहाला," कॉलीन म्हणाली.

"सहा. तुला वेळ लागतो."