हॉबर्ट नेपियरची बिस्किटं

हॉबर्ट नेपियरनं केलेलं पहिलं बिस्कीट त्याच्या कुत्र्यानं नुसतं हुंगलं आणि कुत्रं ओसरीखाली जाऊन पडलं. दुसरं तोंडात धरून परसात नेलं, खड्डा उकरला आणि हाडूक पुरावं तसं पुरून टाकलं. ओढ्याच्या अलीकडे गाईची धार काढता काढता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आमच्या केंटकीच्या डोंगरात बिस्कीट म्हणजे पुड्यातलं गोड कुडकुडीत नव्हे. ती सकाळची भाकरीच. ताकात भिजवलेल्या मैद्याची, चांगली उंच, फोडली की पापुद्रे सुटणारी. ती ज्या घरात धड होत नाही, त्या घराबद्दल चर्चच्या पायरीवर बोललं जातं.

हॉबर्ट खाणीत छताला बोल्ट मारायचा. कोळसा काढत पुढं सरकलं की डोक्यावरचा दगड मोकळा होतो. त्याला भोक पाडायचं, लांब बोल्ट घालायचा आणि करकचून पिळायचा. पिळण्यात कसर राहिली तर खालची माणसं चेपलीच. हॉबर्टनं धरलेल्या छताखाली कुणी मेलं नाही. पुढं खाण बंद झाली, छातीत धूळ भरून तो घरी बसला, पण हात काही बदलला नाही. आमच्याकडं येऊन त्यानं नळ बंद केला, की उघडायला मला पक्कड शोधावी लागे.

घरात मात्र त्यानं कधी पाण्याला आधण आणलं नव्हतं. ते राज्य त्याच्या बायकोचं, ऑर्लीनचं. तिच्या लाकडी काथवटीत मैदा कायम भरलेला. रोज सकाळी त्यात मुठीनं आळं करायची, डुकराची चरबी चुरायची, माझ्याकडचं ताक ओतायची. कडेचा मैदा जेवढा आत येईल तेवढा आजचा, उरला तो उद्याचा. माप कसलं नाही. चर्चच्या अंगणातल्या जेवणाला तिची टोपली आधी रिकामी व्हायची आणि माझी मी झाकून घरी आणायची. मला ते कधी आवडलं नाही, पण ते जाऊ दे.

वसंतात रानातली डॉगवुडची झाडं फुलली होती तेव्हा तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला, "मुडदा!" आणि ही बाई कशी, तर कोंबड्यानं तंगडीला चोच मारली तरी "अगं बाई" च्या पुढं न जाणारी. पाद्रीबुवा घरी येऊन लांबलचक प्रार्थना करून "आमेन" म्हणाले, त्यावर ऑर्लीन म्हणाली, "मुडदा!" बुवा टोपी तिथंच विसरून गेले.

खाणं मात्र तिनं सोडलं. खोऱ्यातल्या बायकांनी सूप नेलं, कोंबडी नेली, मी बिस्किटं नेली. ताक तेवढं प्यायची. माझ्या बिस्किटाकडं बघून काय म्हणाली ते सांगायला नको.

त्यांची एकुलती पोरगी वँडा ओहायोत कारखान्यात कामाला. ती आली ती मोठी बॅग घेऊनच.

"डॅडी, आईच्या अंगाची काडी झालीय. तुम्हाला अंडं उकडता येत नाही. मी तिला घेऊन जाते."

"आन् मी?"

"तुम्हीपण चला."

"तुझ्या त्या खुराड्यात मला खोकायला तरी जागा हाय का?"

वँडानं बॅग उघडून आईचे कपडे भरायला घेतले. ऑर्लीननं खुर्चीतून डावा पाय लांब केला आणि बॅगेचं झाकण दाबून धरलं. पाय काढेना. वँडा रडायला लागली. पोरीचं काही चुकत नव्हतं, जीव तुटत होता तिचा.

"ठीक आहे," नाक पुसत ती म्हणाली, "कबरींना फुलं वाहायच्या रविवारी मी परत येते. तोवर आई जेवायला लागली तर राहू दे. नाहीतर मी कुणाचं ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी हॉबर्ट ओढा ओलांडून माझ्या दारात.

"टेसे, ताक दे."

"पितोस का?"

"बिस्किटं करनार हाय."

मी हसले. तो हसला नाही.

"आरं, माझी आणून देते की!"

"तुझी तिनं ढकलली. तिची काथवट, तिचा तवा, तिचं घर. ह्यातनं निघालं तर खाईल, न्हाईतर न्हाई खायाची."

मग कुत्र्याचा तो प्रकार झाला आणि मला पलीकडं जावंच लागलं. काथवटीत हॉबर्ट असा मळत होता, की पिठानंच पाणी मागावं.

"मळतोस काय मेल्या? घोडीला खरारा करतोस का? नुसतं गोंजार त्याला!"

"म्या कुनाला गोंजारलंय आजवर?"

"ते ऑर्लीनला ठावं. चरबीचे खडे राहू देत वाटाण्याएवढे. आता थाप, घडी घाल. पुन्हा थाप. पुन्हा घडी."

शिकला हळूहळू. मैदा बदलला, ओव्हन खरवडून काढला, बिडाचा तवा चरबीनं तुकतुकीत केला. पीठ माझ्यापेक्षा बरं जमायला लागलं. तरी बिस्किटं काही फुगेनात. एका अंगाला कललेली, कडा चिकटलेल्या, बुटकी. ऑर्लीन एक घास चघळायची आणि थुंकायची. शिवाय बिस्किटं कापायला त्यानं दोन्ही तोंडं उडवलेला पत्र्याचा डबा उचलला, की खुर्चीतून आवाज यायचा, "मुडदा!" रोज, नेमका तेव्हाच. आम्हाला वाटायचं, म्हातारी वैतागलीय.

फुलांचा रविवार आला. वँडा आदल्या रात्रीच आली होती. बॅग दाराशी. सकाळी मी ताक घेऊन गेले तर हॉबर्टनं चर्चचा सदरा चढवलेला आणि बाह्या वर सारलेल्या. वँडा हाताची घडी घालून उभी.

त्यानं पीठ थापलं, घड्या घातल्या, डबा उचलला. दाबला, पिळला, उचलला. दाबला, पिळला, उचलला.

"मुडदा!"

"आगं शिव्या दे," हॉबर्टचा आवाज फाटला, "हक्क हाय तुझा. पर कशापायी देतीस ती तरी सांग की गं!"

ऑर्लीननं डाव्या हातानं टेबलाची कड धरली आणि ती उठायला लागली. वँडा धावली.

"थांब," हॉबर्ट म्हणाला. "येऊ दे तिला."

आली. टेबलाला रेलून, उजवा पाय ओढत. तिनं त्याचं मनगट पकडलं, डबा पिठावर ठेवला आणि दाबला. हॉबर्टचा हात सवयीनं फिरायला गेला, तसा तिनं मनगटावर फाडकन चापट मारली. "मुडदा!" पुन्हा मनगट धरलं. सरळ खाली. सरळ वर. बस्स.

"पिळायचं न्हाई?" हॉबर्ट पुटपुटला.

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की एवढ्या वर्षांच्या संसारात हे आता कळतंय होय.

राहिलेली बिस्किटं दोघांनी मिळून कापली, तिचा हात त्याच्या मनगटावर. तवा ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा अर्धी बिस्किटं नेहमीसारखी बसकी होती आणि अर्धी ताठ फुगलेली, कडेनं पापुद्रे मोजून घ्यावेत अशी. पिळलं की कडा चेपून चिकटतात आणि मग बिस्किटाला वर जाताच येत नाही. मीही जन्मभर पिळूनच कापत आले होते.

हॉबर्ट आपल्या हाताकडं बघत होता. "ह्या हातानं कधी छत खाली येऊ दिलं न्हाई," तो म्हणाला. "आन् ह्यो रांडेचा बिस्किटाला वर जाऊ देईना."

त्यानं एक ताठ बिस्कीट फोडलं. लोणी लावलं, वरून काकवी ओतली आणि बशी ऑर्लीनपुढं ठेवली. बसकी आपल्या ताटात घेतली. वँडा बघत होती. मी बघत होते. ओसरीवरून कुत्रं बघत होतं.

ऑर्लीननं घास घेतला. चघळला. मला वाटलं आता थुंकते. तिनं गिळला. दुसरा घेतला. हनुवटीवर काकवी ओघळली, ती तिनं पालथ्या डाव्या हातानं पुसली आणि बशी पुढं सरकवली. आणखी हवं होतं.

वँडानं खुर्ची टेबलाशी ओढली. म्हणाली, "डॅडी, मलापण एक द्या की."

त्या दिवशी फुलं वाहून आल्यावर तिची बॅग गाडीत चढली ती रिकामीच. नाही म्हणायला हॉबर्टनं फडक्यात बांधून बिस्किटं घातली. सगळी पिळकी. चांगली म्हातारीला हवी होती.

हॉबर्टचा हात अजून पुरता सुधारलेला नाही, मधेच पिळतो. सकाळी ओढ्यापलीकडून "मुडदा!" असं खणखणीत ऐकू आलं, की बिस्किटं तव्यात चालली हे कळतं, आणि मी म्हातारीच्या प्यायच्या ताकाचं भांडं उचलते.