राक्षसपटाची दुभाषी

गेल्या शनिवारी दुपारी सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या एका छोट्या हॉलमध्ये मी दीड तास माइकवर बोलत होते... एका रबरी राक्षसाच्या सिनेमासाठी.

आमच्याच ब्लॉकमधली मे लिंग एक फिल्म क्लब चालवते. या वेळी तिने एक जुना इटालियन सिनेमा लावला होता. अंतराळातल्या राक्षसाचा एक हॉलिवूडपट तुफान चालला, तेव्हा त्याची कमी पैशात, घाईघाईने केलेली नक्कल. मी आणि माझी तेरा वर्षांची लेक इरा, दोघी हसायला म्हणूनच गेलो होतो.

पन्नासेक माणसं आली होती. सिनेमा सुरू झाला आणि लक्षात आलं, सबटायटल्स भलत्याच सिनेमाची आहेत. पडद्यावर यानाचा कॅप्टन ओरडतोय आणि खाली कुणीतरी लग्नाची मागणी घालतंय...

मे लिंगने सिनेमा थांबवला. तिचा चेहरा पार उतरला होता. हा शो फसला असता, तर हॉल तिला पुन्हा मिळणार नव्हता.

मी उठून तिच्यापाशी गेले. "मला इटालियन येतं. मी इंग्रजीत सांगत जाते. माइक आहे का?"

इथे येण्याआधी मी आठ वर्षं चाकणच्या एका मशिनरी कंपनीत दुभाषी होते. इटालियन इंजिनिअर आले की शॉप फ्लोअरवर मीच उभी असायचे. सिंगापूरला आल्यापासून पाच वर्षं ती भाषा तोंडातून निघाली नव्हती, पण भीती अशी वाटली नाही. जे येतं त्याची कसली भीती?

आणि खरंच, पहिल्या पाच मिनिटांत सूर लागला. ते अंतराळयान म्हणजे चक्क एक डेअरी होती, शूटिंग तिथेच उरकलेलं! असल्या दुधाच्या टाक्यांची मॅन्युअल्स मी भाषांतरित केली आहेत, मला कोण फसवणार... "प्रेशर वाढतंय, तिसरा व्हॉल्व्ह बंद करा" हे कॅप्टनचं वाक्य तर मी चाकणला शंभर वेळा तरी बोलले असेन.

कॅप्टनला जाड आवाज दिला, डॉक्टरला किनरा. लोक खूश होते. राक्षस वळला तेव्हा त्याच्या पाठीची चेन दिसली आणि हॉल हसून हसून लोटपोट झाला.

मग शेवटचा प्रसंग आला. यानाला आग लागली आहे, नायिका आत अडकली आहे आणि लोखंडी दाराच्या पलीकडे तिची तरुण सहकारी रडते आहे. आपण सुटणार नाही हे नायिकेला कळून चुकलंय. त्या नटीने काम इतकं मनापासून केलं होतं, की हॉलमधलं हसू हळूहळू थांबलं.

नायिका इंटरकॉमवर बोलली आणि मी माइकवर म्हणाले, "घाबरू नकोस गं बाळा. मी इथेच आहे."

लोक एकमेकांकडे बघायला लागले... आणि मला उमगलं, मी मराठीत बोलले होते.

मी सावरणार इतक्यात तिसऱ्या रांगेतून स्वच्छ आवाज आला. "डोंट बी स्केअर्ड. आय ॲम राइट हिअर."

इरा होती. ही मुलगी घरात माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देते. रोजची चार वाक्यं सोडली, तर मराठी तिच्या डोक्यावरून जाते, अशी माझी पक्की समजूत होती... आणि खरं सांगते, त्याचं मला आत कुठेतरी फार दुखायचं.

मला इंग्रजीवर परत येता आलं असतं. मी आले नाही. पुढचं वाक्य मुद्दामच मराठीत म्हटलं, "दाराला हात लावू नकोस, पोळेल." इराही क्षणभर न थांबता ते इंग्रजीत बोलली. तशाच आम्ही दोघी शेवटच्या फ्रेमपर्यंत गेलो.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. मे लिंगने आम्हा दोघींचे हात घट्ट धरले, पुढच्या महिन्याचा हॉल तिला तिथल्या तिथे मिळाला होता.

घरी चालत येताना मी विचारलं, "तुला एवढं सगळं कळतं?"

"ऑफ कोर्स लाह," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "यू टॉक टू मी ऑल डे, व्हॉट."

त्या इटालियन दिग्दर्शकाला नक्कलही धड जमली नव्हती. पण त्याच्यामुळे माझी लेक माझी दुभाषी झाली... मी त्याची जन्मभर ऋणी आहे.