तिच्यापेक्षा काकणभर काळी

मी जळकी होते. हे आज सत्तरी ओलांडल्यावर सांगते आहे; तेव्हा कुणी म्हणालं असतं तर भांडले असते.

अमेरिकेतल्या वाळवंटात, चँडलरला, आमच्या अपार्टमेंट्समध्ये आधी दोनच मराठी घरं, आमचं आणि समोरचं. दोघींचे नवरे एकाच चिप बनवणाऱ्या कंपनीत. समोरची सांगलीची. तिला ड्रायव्हिंग येत नव्हतं, म्हणून दर शनिवारी ती माझ्याच गाडीतून इंडियन स्टोअरला यायची. जाऊन-येऊन दीड तास गप्पा. त्या दीड तासासाठी मी अख्खा आठवडा काढायची, खोटं कशाला बोलू?

मग तिसरं बिऱ्हाड आलं. मुंबईची, बॉबकट, नवीकोरी गाडी आणि तिच्या काचा काळ्याभोर. दोन शनिवार गेले आणि आमच्या बाईसाहेब तिच्या शेजारी बसलेल्या! विचारलं तर म्हणाली, "अगं, तिच्या गाडीत ऊन लागत नाही. टिंट केलंय ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन लागत नाही म्हणे! सांगलीला काय बर्फ पडतो?

"मला काचा काळ्या करून हव्यात," मी नवऱ्याला म्हटलं.

"तू नागपूरची ना? तुला कसलं ऊन?" त्याने पेपरातून मानही वर काढली नाही.

"हव्यात म्हणजे हव्यात."

आधी मी काय केलं असेल? पार्किंगमध्ये जाऊन मुंबईवालीच्या मागच्या काचेला नाक लावलं. सीटवरचा टिश्यूचा डबा अंधुक दिसला. बरं वाटलं. म्हणजे याहून काळं करायला वाव होता.

दुकानातल्या माणसाने फिल्मचे नमुने लावलेली वही उघडली. धुरकट, तपकिरी, आरशासारखी चकचकीत. कुठली फिल्म किती ऊन अडवते ते बिचारा समजावत होता. मला उन्हाशी काय देणंघेणं? मी माझी पर्स मागच्या सीटवर ठेवली आणि एकेक तुकडा काचेला लावून बघत गेले. पर्स दिसली की तुकडा बाद. शेवटी एकातून काहीच दिसेना. "हीच," मी म्हटलं. पुढच्या खिडक्यांना इतकी काळी लावली तर पोलीस धरतील म्हणाला, म्हणून तिथे थोडी फिकट घेतली, नाइलाजाने. चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत, असंही त्याने बजावलं.

दुसऱ्याच दिवशी शनिवार होता. स्टोअरसमोर गाडी लावली, पुढच्या काचेला उन्हाचा पुठ्ठा लावला आणि मुद्दाम मागच्या सीटवर जाऊन बसले. आहाहा, काय अंधार! तिची गाडी यापुढे काहीच नाही, असं म्हणतेय तोवर त्या दोघी पिशव्या घेऊन बाहेर आल्या.

"अय्या, हिची गाडी बघ! हिनेही केलं!" सांगलीवाली काचेपाशीच थांबली.

"मग आता तिच्याबरोबर जाणार?" मुंबईवालीने विचारलं.

"नको गं बाई. उन्हाचं काय, मला सवय आहे. पण ती बसल्यापासून उतरेपर्यंत कुणी सोफा घेतला, कुणाकडे व्हीसीआर आला, कुणाचा नवरा कुठे चढला, हेच. डोकं उठतं. मनाने वाईट नाही गं, पण मी माझ्या आईच्या ऑपरेशनचं सांगत होते, तर म्हणे, अमकीला बघ, वर्षातून चार वेळा इंडियाला जाता येतं."

मी म्हणाले होते तसं. शब्द न् शब्द.

काच खाली करायला हात गेला आणि थांबला. फिल्म सुरकुतेल ना! अशा वेळीही मला फिल्मची काळजी. तेवढ्यात सांगलीवालीने आत डोकावायला काचेला नाक टेकवलं. मी दार उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"चल, सोडते तुला घरी," मी म्हटलं. बिचारी लाजेकाजेस्तव बसली. मुंबईवाली आपली गाडी काढून पुढे निघून गेली.

"आईचं कसं आहे?" मी विचारलं.

"बरी आहे."

पुढच्या सिग्नलला मुंबईवालीची गाडी आमच्या पुढेच उभी. मागच्या काचेवर फिल्मला हे एवढे फुगे आलेले. जीभ नुसती शिवशिवली. मी ती दातांखाली धरली. आणि घर येईपर्यंत मला बोलायला दुसरं काही सुचलं नाही.