शिखरावरचा नारळ

मे महिन्यातसुद्धा सातासमुद्रापारच्या त्या डोंगरावर मांडीभर बर्फ होता. बुटांना काटे आणि हातात बर्फात रोवायची नवीकोरी कुदळ, अशा थाटात सांता क्लाराहून आलेला मी धापा टाकत शिखरावर पोचलो, तर माकडटोपी घातलेले एक काका आधीच हजर! बुटांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या डोकावत होत्या, हातात नारळ होता. मला बघताच त्यांनी सरळ मराठीतच विचारलं, "देऊळ कुठाय हो?"

"काका, इथे देऊळ नसतं."

"एवढ्या उंचावर देऊळ नाही? मग तुम्ही लोक वर येता तरी कशाला?"

काकांनी माझी कुदळ मागून घेतली आणि नारळ फोडला. सकाळपासून नुसती मिरवलेली कुदळ तेवढीच काय ती कामाला आली.