माहेरी न गेलेलं दुखणं

डेअरीच्या कर्जातून घेतलेल्या जर्सी गाईच्या कानात जनावरांच्या डॉक्टरांनी विम्याचा बिल्ला ठोकला, तेव्हा गाईची मान झुंबरबाईने धरली होती. गाय फुरफुरली, डॉक्टरांनी हात पुसले आणि झुंबरबाईने विचारलं, "डॉक्टर, गाय मेली तर पैसं मिळत्यात. गाईचं करनारी आडवी पडली तर?"

डॉक्टर हसले. तिचा नवरा कारभारीही हसला. "तुला काय धाड भरलीय?"

झुंबरबाई हसली नाही. शेवगावजवळच्या त्या गावात बायकांच्या दुखण्याची एक रीत होती. सर्दी-ताप सासरचा, मोठं दुखणं माहेरचं. सून अंथरुणाला खिळली की तिची पिशवी भरायची, एसटीत बसवायचं आणि वर म्हणायचं, "बरी झाली की ये." झुंबरबाईची थोरली बहीण अशीच पाथर्डीकडच्या माहेरी आली होती. पोटात गाठ होती. भाऊ गहिनीनाथाने बैलजोडी विकली, नगरच्या दवाखान्याचे हेलपाटे घातले, तरी ती गेली. दहाव्याला भांडी घासता घासता वहिनी म्हणाली, "गेलेली सुटली. बैलं बी गेली." वहिनी वाईट नव्हती. रिकामा गोठा रोज तिलाच दिसत होता. झुंबरबाईने ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं, मरेन, पण दुखणं घेऊन या उंबऱ्यावर येणार नाही.

त्या दिवाळीनंतर शेवगावच्या माधुरीताई लुनावरून गावात आल्या. त्या विम्याच्या एजंट. आल्या होत्या कारभारीचा विमा उतरवायला. चहा देता देता झुंबरबाईने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ह्यो मेल्यावरचा झाला. जित्तेपनी कुनी देतं का?"

माधुरीताईंनी कप खाली ठेवला. "आहे ना, तसाही आहे. कॅन्सर, लकवा, किडनी, असं काही निघालं तर माणूस जिवंत असतानाच पैसे मिळतात. पण पहिल्या वर्षात निघालं तर नाही, आणि आधीचं दुखणं लपवलं तर मुळीच नाही. आणखी एक. बाईला स्वतःची कमाई दाखवावी लागते."

"कमाई!" सासू भागिरथीबाई दारातूनच म्हणाल्या. "हिची कसली कमाई? घरात तर बसून असती."

शेण, चारा, पाणी, दोन वेळच्या धारा, सगळं झुंबरबाईचं. डेअरीचं खातं मात्र कारभारीच्या नावावर. सही करून पैसे उचलणं एवढाच त्याचा दुधाशी संबंध.

"मग खातं माझ्या नावावर करा," झुंबरबाई म्हणाली.

"लोकं शेन घालतील तोंडात. बायकूच्या नावानं दूध घालतो म्हनून."

"मीच घालते की."

कारभारी बधला नाही. त्या संध्याकाळी झुंबरबाई गोठ्यात गेलीच नाही. भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. गाय हंबरायला लागली. शेवटी कारभारी बादली घेऊन गेला. आधी बादलीचा आवाज आला, मग त्याचा. दुधाने भिजलेला पायजमा झटकत, गुडघा चोळत तो बाहेर आला.

"अगं, लाथा मारती ती!"

"तिला काय धाड भरलीय?" झुंबरबाई म्हणाली.

डेअरीचा दुधाचा पुढचा पगार व्हायच्या आधी खातं तिच्या नावावर झालं. त्याच दुधातून ती विम्याचा हप्ता भरू लागली. भागिरथीबाई पाणवठ्यावर सांगत सुटल्या, "आमच्या सुनंला रोगाचं डोहाळं लागल्यात." बायका फिदीफिदी हसत. झुंबरबाई हंडा उचलून चालू लागे.

तिसऱ्या वर्षी अंघोळ करताना तिच्या डाव्या छातीत गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. पहिल्यांदा मनात आलं ते गावातल्या कुठल्याही बाईच्या मनात आलं असतं. पदर ओढायचा आणि गप्प बसायचं. बायका असलं दुखणं लाजेने झाकतात म्हणतात. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की आपल्यापायी कुणाचं घर बसू नये. लुगडं नेसता नेसता झुंबरबाई थांबली. आपण कुणाच्या जिवावर आजारी पडणार आहोत? आपल्याच ना? मग झाकायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी ती कारभारीला घेऊन नगरला गेली. तपासणीचा कागद आठवड्याने मिळाला. गाठ कॅन्सरची निघाली. "लवकर आलात," डॉक्टर म्हणाले. "पुण्याला ऑपरेशन करून घ्या. बऱ्या व्हाल."

रात्री कारभारीने आईला सांगितलं. सकाळी झुंबरबाई धारा काढून आली तर दाराशी तिची पिशवी भरून ठेवलेली.

"गहिनीनाथाला निरोप धाडलाय," भागिरथीबाई म्हणाल्या. "उद्या येऊन घिऊन जाईल."

कारभारी खाली मान घालून दोरी वळत बसला.

गहिनीनाथ सकाळच्या गाडीने आला. टोपी हातात, डोळे लाल. बहिणीकडे न बघताच म्हणाला, "चल झुंबर. विहिरीजवळचं वावर इकायला काढतो. तुझी वयनी काय बोलायची न्हाई, म्या सांगून आलोय."

वहिनी काही बोलली नसती, हे झुंबरबाईला ठाऊक होतं. ती नुसती भांडी घासत राहिली असती.

"दादा, वावर राहू दे. मी येत न्हाई."

"येत न्हाई?" भागिरथीबाई उसळल्या. "मग पैका कुनी भरायचा?"

"मी."

"बाप ठिवून गेलाय व्हय?"

"न्हाई आत्याबाई. मी धारा काढल्यात." तिने पिशवी उचलली, आत नेली आणि लुगडी पुन्हा दांडीवर टाकली. "दादा, चहा घे. भेटायला पुण्याला ये."

माधुरीताई दुपारीच दवाखान्याचे कागद घेऊन गेल्या. कंपनीने तिला आपल्या डॉक्टरांपुढे बसवून उलटसुलट विचारलं. झुंबरबाईने लपवलेलं असं काहीच नव्हतं. तरी कारभारीचा जीव थाऱ्यावर नव्हता. "देत्यात का गं खरंच?" तो रोज विचारी. पुण्याला निघायच्या आधी चेक आला. तिच्या नावाचा.

पुण्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या माणसाने कारभारीला विचारलं, "पैसे तुम्ही भरणार?" कारभारी बाजूला सरकला आणि बायकोकडे हात करून म्हणाला, "ह्या भरनार." लग्न झाल्यापासून त्याने तिला 'ह्या' म्हटलं नव्हतं. इतक्या धास्तीतही झुंबरबाईला हसू आलं.

ऑपरेशन झालं. पुढे औषधांनी केस गेले, तोंडाची चव गेली. धारा भागिरथीबाई काढू लागल्या. एकदा सुनेपुढे पेजेची वाटी ठेवून त्या घुटमळल्या.

"मला मिळंल का गं त्यो इमा?"

"वय झालं म्हनत्यात, आत्याबाई."

"मंग आमच्या येळंला कुठं मेला हुता?" त्या रागाने म्हणाल्या आणि पोटाशी पदर घट्ट धरून बाहेर गेल्या. त्या पदराखाली किती वर्षांचं काय काय झाकलेलं आहे, हे झुंबरबाईला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

पुढच्या श्रावणात गहिनीनाथ पुन्हा आला. या वेळी टोपी डोक्यावर होती. पंचमीला माहेरवाशिणीला न्यायला आला होता. झुंबरबाईने नवं लुगडं नेसलं. केस बोटभर वाढले होते, त्यांना तेल लावलं.

वहिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. दुपारी बायका लिंबाच्या झोक्याकडे निघाल्या. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, तुमी नुसतं बसा. हात दुखंल."

झुंबरबाई झोक्यावर चढली, बसली नाही, उभी राहिली. उजवा हात दोराला गेला. डावा खांद्यापाशी अडला. तिने दात आवळले आणि तो वर नेला, आणखी वर, दोर मुठीत येईपर्यंत.

"ढकल," ती म्हणाली. "लई जोरानं ढकल, वयनी."