खोट्या बायांची वाडी

हर्षालीला आमच्या टोकावड्यात सगळे हट्टी म्हणतात. शाळेत मी तिला गणित शिकवलंय, त्यामुळे मला विचाराल तर हट्टी हा फारच सौम्य शब्द झाला. आता ती कल्याणच्या एका कॉलेजच्या संशोधन गटात काम करते, आणि बरंचसं काम घरच्या ओटीवर लॅपटॉप मांडून करते.

तिची धाकटी बहीण मीना शहापूर तालुक्यात, कसाऱ्याकडच्या वाडीत दिलेली. मीनाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आजार. तपासण्या, गोळ्या, सगळं तिकडच्या दवाखान्याच्या संगणकात नवऱ्याच्या नावाने नोंदलेलं. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी आली. मुरबाडच्या बाजूला दवाखान्यात नेली, तिथे नोंद झाली बापाच्या नावाने. तिकडची नोंद इकडच्या संगणकाला वाचताच येत नव्हती. मीना कळांनी अर्धवट शुद्धीत, आणि आईच्या तोंडी आजाराचं इंग्रजी नाव बसेना. मीना वाचली. मुलगी गेली.

हर्षाली रडली ती एकदाच. मग कामाला लागली. दवाखान्यांची सॉफ्टवेअरं करणारे सगळे तिला एकच सांगत, आमचं नीट चालतं. चालतं ना, पण एकेकटं. तिने गटाला पटवलं की एक सामायिक ऑनलाइन चाचणी-मैदान उभं करू. कुणीही आपलं सॉफ्टवेअर तिथे आणावं आणि एकाची नोंद दुसऱ्याला कळते का, हे सगळ्यांसमोर तपासावं. आत माणसं मात्र खोटी. वरिष्ठ म्हणाले, खरेच रुग्ण घे, नावं खोडून टाक. ही अडून बसली. वाडीत घरं किती, नाव खोडलं तरी आजारी कोण ते पोराटोरांनाही कळतं, म्हणाली.

मग कॉलेजातल्या पोरांनी खोटी माणसं रचली. एक नाव, एक गाव, जन्मभर एकच पत्ता. चाचणी झोकात पास. अशी बाई असते कुठे, म्हणत हर्षालीने ती सगळी पुसली आणि आमच्या वाडीतल्या बायांना ओटीवर बोलावलं. म्हणाली, मला खोट्या बाया द्या, पण आपल्यासारख्या.

बायांना काय, ऊतच आला. एकीने दोनदा पाट लावून, म्हणजे पुन्हा लग्न करून, दोनदा नाव बदललेली बाई दिली, एकीने दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन होळीला परतणारी. हसून हसून पुरेवाट झाली. पण आजार विचारला की सगळ्या गप्प.

"नाव घेऊन दुखनं नाय लावायचं गो," बारकी आजी म्हणाली. "त्या नावाची कोनतरी असंलच कुठं. तिला लागलं म्हंजी?"

झालं. अख्खी खोटी वाडी ठणठणीत. असल्या मैदानात तपासायचं काय, कपाळ? आणि मीनाला पुन्हा दिवस गेले होते. हर्षालीला हे तिच्या आठव्या महिन्याआधी उभं करायचंच होतं. बायांवर जबरदस्तीही करायची नव्हती.

मीना तेव्हा माहेरी आली होती. कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. एका दुपारी म्हणाली, "ताई, माझ्या पोरीचं नाव मी योगिनी ठेवनार होते. कोनाला सांगितलं नाय. ते घे."

"आणि आजार?"

"लाव. तिला आता काय व्हायचं राह्यलंय?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. हर्षालीने मात्र लॅपटॉप ओढला. योगिनी, वय वीस, लग्न कसाऱ्याकडे, सिकलसेल, पहिल्यांदा गरोदर. एकदा योगिनी आत गेल्यावर बाकीच्या बायाही हळूहळू बोलत्या झाल्या. आपल्या गेलेल्या माणसांची नावं देऊ लागल्या.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं ओटीवर बसलो. पहिल्यांदा कसाऱ्याकडून पाठवलेली योगिनी मुरबाडच्या बाजूला पोचलीच नाही. हर्षालीने फोनवर त्या सॉफ्टवेअरवाल्यांना असं झापलं की मीच सरळ बसलो. दुरुस्ती झाली, पुन्हा पाठवली. संध्याकाळी स्क्रीनवर मुरबाडच्या खिडकीत नाव उमटलं, बापाचं आणि नवऱ्याचं शेजारी-शेजारी, आणि खाली लाल अक्षरांत तिचा आजार.

मीना स्क्रीनजवळ सरकली. "डाक्टरला आता कळलं ना?"

"कळलं."

"मंग पुढं काय झालं तिचं?"

पुढचा रकाना रिकामा होता. हर्षालीने कळफलकावर बोटं ठेवली, पण तिला टाइप करता येईना. मीनाने लॅपटॉप आपल्याकडे घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, बाळ-बाळंतीण सुखरूप.